थंडीत पळालेला प्रोसेसर उन्हाळ्यात का बसतो?

गेल्या एप्रिलात भर दुपारी तीनला जिंतूरहून भाच्याचा फोन आला. परभणी जिल्ह्यात एप्रिलात दुपारी तीनला फोन करणारा माणूस एकतर अडचणीत असतो, नाहीतर नवीन जावई असतो. "मामा, पुन्हा बंद पडायलंय. साठ टक्क्याला गेलं की निळी स्क्रीन. सकाळपासून तिसरी बारी."

भाचा लग्नाचं शूटिंग करतो. लग्नसराई आमच्याकडं ऐन उन्हाळ्यात, म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्याच्या कॉम्प्युटरला वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत करावं लागतं. कॉम्प्युटर त्यानं स्वतः जोडलेला. एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा, म्हणजे हिशोब करणाऱ्या सहा भागांचा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर उष्णता बाहेर टाकणारा बऱ्यापैकी उभा हीटसिंक. खोली माडीवरची, वर पत्रे. डिसेंबरात थंडीच्या रात्री जागून त्यानं प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवला: सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३०. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, मशीन एकदाही हँग झालं नाही. होळीनंतर मात्र रोजची रड सुरू झाली.

मला फोन येईपर्यंत उपचार बरेच झाले होते. घरच्यांचं निदान 'लाईटचा घोळ'. एका दुकानदारानं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगितलं. कुणा मित्रानं सांगितलं, व्होल्टेज वाढव, म्हणून यानं १.३० चं १.३५ केलं. आधी पंचाहत्तर टक्क्यांवर बसणारं एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायचं काम, त्यानंतर साठ टक्क्यांवर बसायला लागलं. व्होल्टेज वाढवल्यावर दुखणं वाढावं, हे त्याला उलटं वाटत होतं. त्यात उलटं काही नाही, पण ते समजायला प्रोसेसरच्या आत काय चालतं ते थोडं बघावं लागतं.

ज्यांनी रात्रीच्या लाईटवर शेतात दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. मोटर चालू असते, पाटानं पाणी येत असतं. एक सरी भरली की फावड्यानं तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. पाणी सरीच्या टोकापर्यंत पोचायला ठरावीक वेळ लागतो. तेवढा वेळ थांबलात तर सगळं रान भिजतं. घाई करून आधीच दारं मोडलं तर बांधावरून बघणाऱ्याला काम झपाट्यानं चाललेलं दिसतं, पण प्रत्येक सरीचं टोक कोरडं राहतं.

प्रोसेसरचं घड्याळ म्हणजे दारं मोडण्याची लय. प्रत्येक ठोक्याला वीज ट्रान्झिस्टरच्या एका ओळीतून निघते आणि पुढचा ठोका पडायच्या आत तिला शेवटच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचून स्थिर व्हायचं असतं. ४ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये पाव नॅनोसेकंद मिळतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचा चौथा हिस्सा. ४.३ ला तो ०.२३ वर येतो. एवढ्या वेळात पाणी टोकाला पोचलं नाही की तिथं १ च्या जागी ० वाचला जातो. कधी हा चुकलेला आकडा पडद्यावरच्या एका ठिपक्याचा रंग असतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कधी तो विंडोजच्या पोटातला पत्ता असतो, आणि मग निळी स्क्रीन.

व्होल्टेज म्हणजे पाण्याचा जोर. जोर वाढवला की पाणी टोकाला लवकर पोचतं, म्हणून ओव्हरक्लॉक करणारे व्होल्टेज वाढवतात. पण जोर वाढला की सरीचे बांध फुटायला लागतात. प्रोसेसरमध्ये हे बांध फुटणं म्हणजे उष्णता, आणि फार दिवस चाललं तर कायमची झीज.

मोटरच्या गोष्टीत नसलेली एक गंमत इथं आहे. प्रोसेसर तापला की त्याच्या तारांचा रोध वाढतो आणि या व्होल्टेजला ट्रान्झिस्टरही मंदावतात. म्हणजे सरी तीच, जोर तोच, पण जमीन जास्त पाणी प्यायला लागते. ७० अंशाला वेळेत टोकाला पोचणारं पाणी ९० अंशाला पोचत नाही. हीटसिंकचं काम प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या जवळ आणणं. त्याखाली तो जाऊच शकत नाही. समजा पूर्ण भारात प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहतो. परभणीच्या डिसेंबरात, जेव्हा कृषी विद्यापीठातला पारा एक आकड्यावर उतरतो, तेव्हा माडीवरची खोली रात्री २० अंश धरा: प्रोसेसर ७०. एप्रिलात पत्र्याखाली तीच खोली ४०: प्रोसेसर ९०. या प्रोसेसरसाठी एएमडीनं दिलेली कमाल मर्यादा ९५ आहे. भाच्यानं ४.३ ची परीक्षा घेतली ती डिसेंबरात रात्री दोन वाजता. पास झालेला तो पेपर एप्रिलच्या दुपारचा नव्हताच.

आता त्या १.३५ चा हिशोब. प्रोसेसर खात असलेली वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. समजा ४.० ला १.२० व्होल्ट पुरत होतं आणि तुम्ही ४.३ ला १.३५ दिलं. वेग वाढला साडेसात टक्के. वीज? १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२६६, त्याला १.०७५ नं गुणा: १.३६. साडेसात टक्के वेगासाठी छत्तीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पत्र्याखालच्या खोलीत. थंडीत हीटसिंक ती झेलतो. उन्हाळ्यात प्रोसेसर तापतो, तापल्यामुळं मंदावतो, मंदावल्यामुळं अजून व्होल्टेज मागतो. मित्राचा सल्ला चूक नव्हता, चुकीच्या महिन्यात दिलेला होता.

एवढं फोनवर सांगून झाल्यावर मी त्याला विचारलं, साठ टक्क्यांवर बसतं म्हणतोस, ते त्याच दृश्यावर बसतं का तेवढ्याच वेळानं? हा प्रश्न फुकटचा आहे आणि निम्मं निदान त्यात होतं. एक्स्पोर्ट दर वेळी त्याच फ्रेमवर मरत असेल तर दोष बहुतेक त्या क्लिपमध्ये, एखाद्या इफेक्टमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये असतो. मी त्याला फक्त शेवटचा तुकडा, सप्तपदीपासून पुढचा, वेगळा काढायला लावला. तो सहा मिनिटांत सुरळीत निघाला. मग फाइल निर्दोष. मशीन साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांनी बसत होतं, कुठलंही दृश्य असलं तरी. वेळ धरून येणारा बिघाड उष्णतेकडं बोट दाखवतो.

बाकी लक्षणांचीही अशी भाषा असते. भार पडल्या पडल्या, दहा-वीस सेकंदांत मशीन गोठलं तर त्या वेगाला व्होल्टेज कमी पडतंय. अर्ध्या-पाऊण तासानं मेलं तर प्रोसेसर, नाहीतर मदरबोर्डवरचा वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो तापतोय. स्वस्त बोर्डांवर त्या भागाला हीटसिंकच नसतो, आणि तो तापला की प्रोसेसरला लगाम घालतो. पंखे फिरतायत पण स्क्रीनवर काहीच नाही, तर बहुधा रॅमची सेटिंग बोर्डाला पचलेली नाही. बटन बंद केल्यासारखं खटकन सगळं बंद झालं तर एसएमपीएसच्या संरक्षणानं हात झटकले, नाहीतर अति उष्णतेनं. आणि झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येतोय, ब्राउझरचे टॅब आपोआप मरतायत, पण निळी स्क्रीन नाही, असा चिवट, किरकोळ त्रास असेल तर मी आधी रॅमवर संशय घेतो. नव्या रायझनमध्ये, ५००० मालिकेपासून पुढं, अजून एक फसवा प्रकार आहे: भारात उत्तम चालतं आणि नुसतं बसलेलं असताना रिस्टार्ट होतं. कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगमध्ये उत्साहाच्या भरात उणे आकडे जास्त टाकले की असं होतं, कारण कमी भारात व्होल्टेज आधीच तळाला असतं.

लाईटचा निकाल

लाईटवर खापर फोडणं आमच्याकडं सोपं असतं, आणि पुष्कळदा ते खरंही निघतं. म्हणून ते आधी निकाली काढावं. निळी स्क्रीन ही स्वतःच एक साक्ष आहे: ती दाखवायला, त्यावर कोड लिहायला विंडोजला वीज लागते. लाईटनं मशीन गेलं असतं तर पडदा सरळ काळा झाला असता. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नका. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कशामुळं, ते सांगत नाही. खरी कामाची नोंद म्हणजे 'व्हीया-लॉगर'. १८ क्रमांक म्हणजे प्रोसेसरनं स्वतः कबूल केलेली जीवघेणी चूक, आणि त्यात कोणत्या कोअरवर घडली त्याचा क्रमांक, म्हणजे एपीआयसी आयडीही असतो. १९ म्हणजे चूक झाली पण जागच्या जागी दुरुस्त केली. १९ च्या नोंदी साचत असतील तर मशीन पडत नसलं तरी त्याला स्थिर म्हणू नका.

भाच्याच्या मशीनमध्ये १८ च्या चार नोंदी होत्या, चारही दुपारी एक ते पाचमधल्या.

एसएमपीएसचंही बघून घेतलं. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६. पूर्ण भारात मल्टिमीटरवर ११.९ दिसलं, म्हणजे ठीक. घरातला इन्व्हर्टर मात्र साध्या मोडवर होता, यूपीएस मोडवर नव्हता. लाईट गेल्यावर साध्या मोडला बदली व्हायला जास्त वेळ लागतो, आणि एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर पंधरा-सोळा मिलिसेकंदांच्या वर फारसं तग धरत नाही. मागचं बटन सरकवून तेवढं दुरुस्त केलं. ते वेगळं दुखणं होतं.

वही घे म्हटलं

खरी झडती सुरू करण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: सगळं कच्चं चित्रण दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरव, आणि ते डिफॉल्ट सेटिंगवर. डळमळीत ओव्हरक्लॉक फाइल कॉपी करतानासुद्धा गुपचूप आकडे बदलू शकतो. व्हिडिओत अधूनमधून एखादी हिरवी-जांभळी चौकट चमकते, ती बऱ्याचदा याच जातीची. नवरीला हळद काही दुसऱ्यांदा लावता येत नाही. दुसरी: एक वही घे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. व्होल्टेजही वाढवलं, पंखाही फिरवला, रॅमही काढली आणि मशीन चाललं, तर कशानं चाललं ते कधीच कळत नाही. त्यानं दहावीतली गणिताची अर्धी कोरी वही काढली.

पहिल्या पानावर: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स'. ही पायरी लोक टाळतात, कारण आपण लावलेलं सगळं जातं. पण डिफॉल्टवरही मशीन पडत असेल तर ओव्हरक्लॉकला बोल लावण्यात अर्थच उरत नाही. बायोसपर्यंत पोचताच येत नसेल तर वीज काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवावा, नाहीतर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना जोडाव्यात. डिफॉल्टवर भाच्यानं दुपारी दोनला तेच एक्स्पोर्ट लावलं. पूर्ण झालं, आणि व्हिडिओ त्याच संध्याकाळी नवरीकडं पोचला. इथंच थांबला असता तरी चाललं असतं, पण पोरगं मामावर गेलंय.

डिफॉल्ट केलं की रॅमला डब्यावरच्या वेगाला नेणारी एक्सएमपी ही सेटिंगही बंद होते, आणि बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही ते हेच: एक्सएमपी हासुद्धा ओव्हरक्लॉकच आहे. रॅमच्या डब्यावर ३२०० छापलेलं असलं तरी साध्या सेटिंगला ती बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६ वर उठते. ३२०० ला न्यायला व्होल्टेज १.२० वरून १.३५ होतं, आणि ओझं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतं. म्हणून प्रोसेसरचा वेग डिफॉल्टवरच ठेवून आधी फक्त एक्सएमपी चालू केलं आणि पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम लावला. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. रॅमच्या परीक्षेत पास व्हायला शंभरपैकी शंभरच लागतात. एक चूकसुद्धा नापास.

दुसऱ्या फेरीत तीन चुका.

तेव्हा, चौथ्या दिवशी, त्यानं मला सांगितलं की मार्चमध्ये ४के चं काम आलं म्हणून आणखी दोन पट्ट्या आणून लावल्या होत्या, दुसऱ्या कंपनीच्या. डिसेंबरात दोन पट्ट्या होत्या, आता चार. डॉक्टरला चौथ्या भेटीत 'तंबाखू खातो' म्हणून सांगणाऱ्या पेशंटसारखं झालं हे. या प्रोसेसरसाठी एएमडीचा स्वतःचा तक्ता आहे: दोन पट्ट्या असतील तर ३२००, चार असतील आणि त्या सिंगल रँकच्या (चिपांचा एकच संच असलेल्या) असतील तर २९३३, चार ड्युअल रँकच्या (दोन संचांच्या) असतील तर २६६७. म्हणजे चार पट्ट्या ३२०० वर चालवणं कंपनीच्या हमीबाहेरचं आहे. चाललं तर नशीब. २९३३ केलं, चारही फेऱ्या स्वच्छ. व्हिडिओच्या कामात ३२०० आणि २९३३ मधला फरक मला तरी जाणवला नाही.

एक बिघाड सापडला की माणूस सैल सोडतो, आणि दुसरा तसाच राहतो. दोन वेगवेगळी दुखणी एकाच निळ्या स्क्रीनमागं लपलेली असतात, म्हणून तर ही झडती कंटाळवाणी होते.

मूळ संख्यांची परीक्षा

रॅम निस्तरल्यावर पुन्हा ४.३ आणि १.३० लावलं आणि प्राइम९५ चालू केलं. या प्रोग्रामचा खरा धंदा वेगळा आहे. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या लोकांनी तो १९९६ पासून चालवलाय. २०२४ मध्ये त्याच प्रकल्पातून ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची मूळ संख्या सापडली. अशा हिशोबात एक अंक चुकला तर महिन्यांची मेहनत पाण्यात, म्हणून त्यात पडताळणी आहे, आणि छळ-परीक्षेतल्या उदाहरणांची उत्तरं त्याला आधीच माहीत असतात. आपला प्रोसेसर ती सोडवतो, तो ताडून बघतो. 'स्मॉल एफएफटी' निवडलं की सगळा मारा प्रोसेसरवर, 'ब्लेंड' निवडलं की रॅमही घुसळली जाते. आम्ही स्मॉल एफएफटी घेतलं, शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा आकडे दाखवणारा प्रोग्राम उघडून तापमान आणि व्होल्टेज.

दुपारी दोन. तापमान चढत चढत ९४. अकराव्या मिनिटाला सहा खिडक्यांपैकी चौथी थांबली: 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. बाकीच्या पाच चालूच. मशीन पडलं नाही, निळी स्क्रीन आली नाही, फक्त एक कोअर गणितात चुकला. दारं धरण्याच्या भाषेत, सहापैकी एका सरीचं टोक कोरडं राहिलं. सगळे कोअर एकाच चिपवरचे असले तरी सारख्या दमाचे नसतात, आणि सगळ्यांना एकच वेग लावला की सगळ्यात कच्चा कोअर सगळ्यांची मर्यादा ठरवतो.

मग मी त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठवलं. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, फोनवर मलाच बोलली. सेटिंग जशीच्या तशी. तापमान ७९ वर थबकलं, दीड तास एकही चूक नाही. वहीत ती दोन पानं समोरासमोर आहेत: तोच आकडा, तेच व्होल्टेज, फक्त घड्याळात नऊ तासांचं अंतर.

याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. बायोसमध्ये १.३० लावलेलं, पण भारात एचडब्ल्यूइन्फो १.२६ च्या आसपास दाखवत होतं. मोटर चालू केली की घरातला बल्ब मंद होतो ना, तसंच हे. प्रोसेसर एकदम वीज ओढतो तेव्हा व्होल्टेज खचतं. बायोसमधली लोड लाइन कॅलिब्रेशन ही सेटिंग तो खच भरून काढते. तिला चार-पाच पायऱ्या असतात. सगळ्यात वरची लावण्याचा मोह होतो, पण भार अचानक सुटल्यावर तिथं व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरच्या डोळ्याला दिसत नाही. मधली पायरी घ्यावी. तेवढ्यानं भागत नसेल तर वेगच जास्त मागितलेला आहे.

वेग कमी करायला भाचा तयार नव्हता. "मामा, व्होल्टेज अजून एक पायरी देऊन बघू की." हिवाळ्यात मीही तेच म्हणालो असतो. पण ९४ अंशाला असलेल्या प्रोसेसरला आणखी व्होल्टेज देणं म्हणजे आगीत तेल. गुणक ४३ चा ४२ केला. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याला ४२ नं गुणलं की ४.२ गिगाहर्ट्झ. दुपारी ९१ अंश, दीड तासानं तीच चौथी खिडकी बंद. ४१ केला आणि व्होल्टेजही १.२५ वर आणलं: ८३ अंश, चार तास, एकही चूक नाही. इथं मी माझाच एका वेळी एक बदलाचा नियम मोडला, कारण संध्याकाळी लाईट जाणार होती.

त्याआधी अर्थातच झाडलोट झाली होती, ती सांगायची राहिली. आमच्या भागात कापसाचा बारीक तंतू हवेत उडत असतो, तो हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन वाकळीसारखा थर धरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो हवेनं गरगरून बेअरिंगला जातो. थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी. एएम४ सॉकेटवर, म्हणजे हा प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना प्रोसेसरच्या बुडाला असल्यानं वाकतात. आधी मशीन थोडं चालवून गरम करायचं, मग हीटसिंक हलक्या हातानं पिळवटत काढायचा. आणि खोलीतल्या वाळ्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवायचं नाही. भाच्यानं ठेवलं होतं. कूलरनं खोली थंड केली तर फायदाच आहे, पण थेट तोंडासमोर बोअरच्या पाण्याचे तुषार येतात, आणि ते वाळले की मदरबोर्डवर क्षारांची पांढरी रांगोळी.

ज्यांच्याकडं इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर आहेत त्यांनी मात्र ही सगळी उठाठेव करण्याआधी बायोस अपडेट करावा. त्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते झिजत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, ऑगस्टमध्ये बायोसमधून प्रोसेसरला मिळणारी ०एक्स१२९ ही दुरुस्ती (मायक्रोकोड) दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथं ओव्हरक्लॉक न करताही गेम मध्येच बंद पडायचे, आणि गंमत म्हणजे संदेश यायचा ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा. आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटनं सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

आता एवढ्या सगळ्यातून मिळालं काय? ४.३ वर साठ मिनिटांत होणारं काम ४.१ वर त्रेसष्ट मिनिटांत होतं. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात या प्रोसेसरला त्याच्या मूळ सेटिंगवरच सोडावं. एकट्या कोअरचं काम असेल तेव्हा तो आपणहून ४.२ पर्यंत चढतो, तापला की आपणहून उतरतो. सगळे कोअर एका आकड्याला बांधले की ही समज आपण त्याच्याकडून काढून घेतो. भाच्याला हे पटत नाही. तीन मिनिटं म्हणजे महिन्याला किती तास, ते त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर मांडून दाखवलं.

मग तोड निघाली. बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवली: एकात ४३ आणि १.३०, एकात ४१ आणि १.२५, रॅम दोन्हीत २९३३. बदलाचा मुहूर्त होळी आणि दिवाळी. यंदा होळीच्या सकाळी मी आठवणीनं फोन केला. "प्रोफाइल बदललंस का?"

"मामा, अजून पहाटे गार वारं सुटायलंय."

"आणि दुपारी?"

पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "पोळ्या खाऊन घेतो, मग बदलतो."

संध्याकाळी त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, दुपारी दोनची वेळ, ४१, १.२५, ८१ अंश. खाली तुपाचा डाग.